हायब्रीड गाडी घ्यावी काय?

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गाळप हंगाम संपला की आमच्या गटसभा सुरू होतात. लागणीचे धोरण, बेण्याचे वाटप, हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण असे विषय घेऊन आम्ही आपल्या गावी येतो. अशाच एका सभेत खोडव्याच्या व्यवस्थापनावर तासभर बोलून आम्ही रीतीप्रमाणे "कुणाची काही शंका?" असे विचारले. तेव्हा मागल्या बाजूने आवाज आला, "साहेब, खोडव्याचं समजलं. पन ती हायब्रीड गाडी घ्यावी का न्हाई, ते एकदा सांगा!"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण हशा ओसरल्यावर पाहतो तो चार-पाच जण खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. सभा संपल्यावर पारावर खोडव्याची चर्चा राहिली बाजूला आणि गाड्यांचीच चर्चा रंगली. पुढे आणखी दोन गावांत हाच अनुभव आला. म्हणून या अंकात पाचट कुजविणे बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारगाडीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की गाडीत जाणारा पैसा बहुधा उसाच्या बिलातून, दुधाच्या पगारातून नाही तर विकलेल्या गुंठ्यातून येतो. म्हणजे तो शेतीचाच पैसा आहे. दुसरे असे, की आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि त्यात उसाचा वाटा आहे. तेव्हा लोक कोणती गाडी घेतात, याचा संबंध आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो.

नावातच लोक अडखळतात

'हायब्रीड' हा शब्द आपल्याकडे मोटारीबरोबर आलेला नाही. तो आला ज्वारीबरोबर. सी. एस. एच. १ ही पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात तिचा मोठा प्रसार झाला. पीक दामदुप्पट आले, पण लोकांनी नाके मुरडली. भाकरीला चव नाही, कडबा आखूड, पाऊस लागला की दाणा काळा पडतो, अशा तक्रारी होत्या आणि त्यांत तथ्यही होते. पण तेव्हापासून 'हायब्रीड' म्हणजे दिसायला मोठे आणि आतून निःसत्त्व, असा अर्थच बोलीत रुजला. लवकर दमणाऱ्या पोराला आजही म्हातारी माणसे 'हायब्रीड पिढी' म्हणतात.

गमतीची गोष्ट अशी, की हे बोलणाऱ्याच्या रानात उभा असलेला ऊस संकरितच असतो. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे रानटी काशाचा आणि जाड रसाळ उसाचा संकर करून १९१८ साली को २०५ ही जात बाहेर पडली. को ७४०, कोसी ६७१, को ८६०३२, फुले २६५ ही सारी नावे त्याच घराण्यातली. फुले २६५ ही जात २००७ साली प्रसारित झाली, तेव्हा उतारा कमी बसतो म्हणून काही कारखान्यांनी सुरुवातीला तिची नोंद घ्यायला खळखळ केली होती. शेतकऱ्याने मात्र टनेज पाहिले आणि जात टिकली. म्हणून सांगायचे ते इतकेच, की नावावरून गाडी वाईट ठरत नाही आणि चांगलीही ठरत नाही. आपण नवी जात जशी पारखतो, तशीच गाडी पारखावी.

गाडीत नेमके काय असते?

हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन असतेच. त्याच्या जोडीला एक विजेची मोटर आणि एक बॅटरी असते. उसाची बाळबांधणी बैलाने आणि मोठी बांधणी ट्रॅक्टरने, अशी वाटणी आपण करतो, तशीच इथे आहे. गाडी जागेवरून उठताना आणि रहदारीत सावकाश चालताना मोटर काम करते. वेग वाढला, चढ लागला, की इंजिन लागू होते. दोघांत कोणी केव्हा राबायचे, ते गाडी स्वतःच ठरविते.

ही वीज येते कुठून? जुन्या सायकलचा डायनॅमो आठवा. तो टायरला टेकविला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचे. या गाडीत ब्रेक दाबला किंवा उतारावर पाय सोडला, की मोटर डायनॅमोसारखी उलटी फिरून गाडीला आवरते आणि तीच वीज बॅटरीत भरते. साध्या गाडीत ती ताकद ब्रेक तापवून वाया जाते. याशिवाय इंजिन चालू असतानाही बॅटरी भरली जाते. म्हणून या गाडीला रात्री घरी चार्जिंगला लावावे लागत नाही. "आमच्या वस्तीवर लाईटचा भरवसा न्हाई, चार्ज कुठं करायची?" हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. तो बॅटरीवरच्या पूर्ण विद्युत गाडीला लागू आहे, या गाडीला नाही.

इथे एक सावधगिरी हवी. बाजारात 'हायब्रीड' या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार विकले जातात. पहिला सौम्य हायब्रीड. यात लहानशी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण नुसत्या विजेवर गाडी चालत नाही. बचत होते, पण थोडी. दुसरा पूर्ण किंवा 'स्ट्राँग' हायब्रीड. यात गाडी काही अंतर केवळ विजेवर चालू शकते आणि खरी बचत यातच असते. मारुतीची ग्रँड व्हिटारा व टोयोटाची हायरायडर या २०२२ सालच्या जुळ्या गाड्यांत दोन्ही प्रकार मिळतात. नाव तेच, रूप तेच, किंमत मात्र वेगळी. तेव्हा बेण्याची जात विचारून घेता, तशी गाडीची जातही विचारून घ्या. नुसते 'हायब्रीड आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

पाटीवरचे ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे

वर सांगितलेल्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रीड प्रकाराचे अधिकृत ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर जाहीर झाले होते. होंडा सिटीच्या हायब्रीडचे २६.५, तर इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रीडचे २३.२४. हे आकडे खोटे नाहीत. पण अशा चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर ठराविक पद्धतीने चालविली जाते. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर 'एआरएआय' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. देशातल्या गाड्यांची अशी तपासणी व प्रमाणन करणाऱ्या प्रमुख संस्थांत तिची गणना होते.

संशोधन केंद्राच्या प्लॉटवर एकरी शंभर टन ऊस निघतो, म्हणून आपल्या रानात तो निघतोच असे नाही. जमीन, पाणी, मशागत वेगळी पडते. गाडीचेही तेच. हायब्रीडची खरी कमाई थांबत-थांबत चालण्यात आहे. माण रस्त्यावर किंवा वाकडच्या पुलाखाली सायंकाळी रांग लागते, तेव्हा शेजारची साधी गाडी उभ्या-उभ्या पेट्रोल खाते आणि हायब्रीडचे इंजिन बंद असते. तिथे ही गाडी सरस ठरते. एक्स्प्रेस-वेवर एकाच वेगाने तासन् तास जायचे असेल, तर हा फरक बराच कमी होतो. म्हणजे गंमत पाहा, लांबच्या प्रवासाला म्हणून जो ही गाडी घेतो त्याला फायदा कमी, आणि हिंजवडीच्या रहदारीला जो वैतागलेला असतो त्याला जास्त!

तीन सभासदांचे तीन हिशोब

आता मुद्द्यावर येऊ. आमच्याकडे तीन सभासदांनी हा प्रश्न आणला. नावे देत नाही, पण तिघांत आपण स्वतःला ओळखाल. हिशोबासाठी आम्ही असे धरले, की त्याच आकाराची साधी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १४ आणि स्ट्राँग हायब्रीड २१ किलोमीटर देते, पेट्रोल लिटरला १०४ रुपये आहे आणि दोन्ही गाड्यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक आहे. हे आकडे गाडीप्रमाणे बदलतील. आपण आपले घालावेत. रीत महत्त्वाची.

पहिले सभासद वयस्क आहेत. गाडी पौडला कचेरीत, कारखान्यावर, लग्नाकार्याला जाते. वर्षाला ५,००० किलोमीटर. साध्या गाडीला ३५७ लिटर पेट्रोल लागेल, हायब्रीडला २३८. वाचले ११९ लिटर, म्हणजे सुमारे १२,४०० रुपये. जादा दिलेले अडीच लाख फिटायला वीस वर्षे लागतील. आम्ही त्यांना म्हटले, "आप्पा, गाडी फिटेपर्यंत नातवाच्या लग्नाची वरात तिच्यातूनच निघेल." ते हसले आणि विषय संपला.

दुसऱ्या सभासदांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालेल. साध्या गाडीला ८५७ लिटर, हायब्रीडला ५७१. वाचले २८६ लिटर, म्हणजे सुमारे २९,७०० रुपये. म्हणजे साडेआठ वर्षांत फरक फिटतो, असे मुलगा म्हणाला. तेव्हा आतून सूनबाई म्हणाल्या, "आणि त्या अडीच लाखांचं व्याज कुणी धरायचं?" प्रश्न अचूक होता. नऊ टक्क्यांनी वर्षाचे व्याज २२,५०० रुपये होते. ते वजा केले तर हाती उरतात ७,२०० रुपये. म्हणजे पैशाच्या दृष्टीने ही गाडी घेतली काय आणि न घेतली काय, जवळजवळ सारखेच. गाडी शांत चालते, गिअर बदलावे लागत नाहीत, धूर कमी, ही सोय हवी असेल तर जरूर घ्यावी, पण 'पैसे वाचतात म्हणून घेतली' असे म्हणू नये.

तिसरे सभासद तरुण आहेत. पुणे-पिंपरीच्या हॉटेलांना भाजीपाला पुरवितात. माल टेम्पोने जातो आणि ऑर्डर-वसुलीसाठी हे स्वतः गाडीने शहरात फिरतात. दिवसाला शंभर किलोमीटर, वर्षाला ३०,०००. साध्या गाडीला २,१४३ लिटर, हायब्रीडला १,४२९. वाचले ७१४ लिटर, म्हणजे सुमारे ७४,३०० रुपये. व्याज वजा केले तरी वर्षाला ५१,८०० उरतात आणि पाच वर्षांच्या आत फरक फिटतो. यांना आम्ही सांगितले, की गाडी तुमच्या कामाची आहे, बिनधास्त चालवून बघा.

एकच गाडी, एकच तालुका आणि तीन वेगळी उत्तरे. तेव्हा 'अमक्याने घेतली' किंवा 'तमका म्हणतो घेऊ नका' याला अर्थ नाही. आपली गाडी वर्षाला किती चालते, हे जुन्या गाडीच्या मीटरवरून आधी काढावे. आमचा अनुभव असा, की दहातले आठ जण हा आकडा खऱ्याच्या दीडपट सांगतात. एकरी टनेज सांगताना जे होते, तेच इथेही होते!

बाकीच्या शंका

"बॅटरी गेली तर?" ही शंका रास्त आहे. टोयोटा व मारुतीने या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल त्याची वॉरंटी दिली आहे. वॉरंटीच्या अटी छापील घ्याव्यात, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नये. जुनी हायब्रीड घेत असाल, तर वॉरंटी किती उरली ते आधी पाहावे.

"मेस्त्री कुठला?" ही शंका त्याहून मोठी आहे. या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबली असतात. त्यांत जीवघेण्या दाबाची वीज असते. ओळखीच्या मेस्त्रीला, तो कितीही हुशार असला तरी, त्या केबलींना हात लावू देऊ नये. म्हणजे बॅटरी, मोटर यांच्या कामासाठी कंपनीच्या वर्कशॉपलाच जावे लागणार, हे धरून चाला. एक बाजू दिलाशाचीही आहे. ब्रेकचे बरेचसे काम मोटर करीत असल्याने ब्रेक-पॅड सहसा जास्त टिकतात.

"पोती बसतात का?" काही हायब्रीड गाड्यांत बॅटरीमुळे डिकी लहान होते. शोरूममध्ये डिकी उघडून पाहावी. खताची दोन पोती आणि दुधाचा कॅन नेणे हा ज्यांचा रोजचा उपयोग आहे, त्यांनी तर पाहावीच.

शेवटची शंका तोंडाने कोणी बोलत नाही, पण असते सर्वांच्या मनात. "लोक काय म्हणतील?" आपल्या तालुक्यात गाडी ही पुष्कळदा बसायची नसून दाखवायची वस्तू झाली आहे. हिंजवडी, माण, पिरंगुट, भूगाव या पट्ट्यात जमिनीला भाव आला, पैसा आला आणि त्यातला बराच दारापुढच्या अवजड डिझेल गाडीत गेला. जमीन गेली ती गेली, आणि गाडी पाच वर्षांत निम्म्या किमतीची झाली. ज्याच्या त्याच्या पैशाचा तो मालक आहे. आम्ही शहाणपण शिकवीत नाही. पण हायब्रीड आवाज करीत नाही, धूर सोडत नाही, म्हणून तिचा 'रुबाब' पडत नाही, हे कारण ऐकले तेव्हा हसावे की रडावे ते कळेना.

विश्वास का बसला नाही?

लोक नुसते हट्टी आहेत असे नाही. हायब्रीडच्या बाबतीत धरसोडही पुष्कळ झाली. जपानमध्ये टोयोटाची प्रियस ही हायब्रीड गाडी १९९७ साली रस्त्यावर आली. आपल्याकडे २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रीड आणली ती साडेएकवीस लाखांना. २०१० साली प्रियस आली, तीही पंचवीस लाखांच्या वर. सामान्य माणसाने लांबूनच नमस्कार केला.

त्याच २०१० साली आपल्या मुळशी तालुक्यात एक वेगळा प्रयत्न झाला, हे पुष्कळांना माहीत नसेल. हिंजवडीच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या साथीने 'रिव्होलो' नावाचा संच जाहीर केला. आपल्या जुन्याच पेट्रोल गाडीला मोटर व बॅटरी बसवून ती हायब्रीड करायची, अशी ती कल्पना. कल्पना आपल्या माणसाच्या खिशाला धरून होती. पण जुन्या गाडीत असा बदल करण्याचे नियम ठरायलाच पुढे वर्षे गेली आणि संच सर्वसामान्यांच्या बाजारात रुजला नाही.

सरकारी धोरणही एका जागी राहिले नाही. १ एप्रिल २०१५ पासून 'फेम' योजनेत सौम्य हायब्रीडलाही अनुदान मिळू लागले. ते २०१७ च्या मार्चअखेर बंद झाले. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि हायब्रीडवर उपकर धरून ४३ टक्के कर बसला. पूर्ण विद्युत गाडीला २०१९ पासून अवघे ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून करांची नवी मांडणी झाली, त्यात चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड ४० टक्क्यांत आली. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात टोलमाफीसारख्या सवलती जाहीर केल्या त्या विद्युत वाहनांसाठी. उद्योगातही दोन तट आहेत. टोयोटा, मारुती हायब्रीडला सवलत मागतात. आपल्या जिल्ह्यात रांजणगावला आणि चाकणला विद्युत गाड्या बनविणाऱ्या टाटा आणि महिंद्र यांचा त्याला विरोध आहे. प्रत्येक जण आपल्या मालाची बाजू मांडणार. ऐकणाऱ्याने ते ध्यानात ठेवून ऐकावे.

आपला ऊस आणि त्यांची टाकी

आता उसाकडे वळू. इथे मात्र आम्हांला थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांनी ओरड केली, की ॲव्हरेज कमी झाले. पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले, की काही गाड्यांत १ ते २ टक्के आणि बाकीच्यांत ३ ते ६ टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. त्यात लपविण्यासारखे काही नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. पण आमच्या गटसभेत ऊस घालणारे सभासदच म्हणाले, "साहेब, ते इथेनॉलचं पेट्रोल नको, गाडी खराब करतंय." तेव्हा आम्ही चपापलो. इथेनॉलचा दर वाढवा म्हणून मागणी आपण करायची आणि आपल्याच टाकीत ते नको म्हणायचे, हे कसे जमायचे? गाडी जुनी असेल, तर तिच्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते ते पाहावे आणि रबरी नळ्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्याव्यात. ॲव्हरेज थोडे कमी पडेल, हे मान्य करावे. खरे सांगितले तर लोक ऐकतात. लपविले तर बिथरतात.

हायब्रीड घेतल्याने उसाचे भले होते, असा प्रचारही आम्ही करणार नाही, कारण हिशोब वेगळा आहे. वरच्या दुसऱ्या सभासदांच्या हायब्रीडला वर्षाला ५७१ लिटर पेट्रोल लागेल, त्यात इथेनॉल ११४ लिटर. साध्या गाडीला लागेल १७१ लिटर. म्हणजे हायब्रीड आपले इथेनॉलही कमीच खाते! एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. सगळे इथेनॉल उसाचेच धरले, तरी एका हायब्रीडचा वर्षाचा शेर दीड-पावणेदोन टन उसाचा. आणि ते सगळे उसाचे नसतेच. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटून दिलेल्या इथेनॉलमध्ये उसाचा वाटा सुमारे २८ टक्के होता, बाकी मका-तांदूळ वगैरे धान्याचे.

मग आपला संबंध कुठे येतो? तो पुढच्या टप्प्यात आहे. पूर्ण विद्युत गाडीला इथेनॉल लागतच नाही. उलट जास्त इथेनॉलवर चालणारे, म्हणजे 'फ्लेक्स-फ्युएल' इंजिन घेतले, तर लिटरमागे ऊर्जा कमी असल्याने ॲव्हरेज पडते. ही तूट भरून काढायला विजेची मोटर उपयोगी पडते. म्हणून या दोहोंची जोडी जमविण्याचे प्रयत्न चालू आहेत. टोयोटाने २०१९ साली ब्राझीलमध्ये अशी कोरोला विकायला काढली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये कोरोलाचा आणि २९ ऑगस्ट २०२३ रोजी इनोव्हा हायक्रॉसचा असा नमुना नितीन गडकरी यांच्या हस्ते दाखविण्यात आला. नमुना वेगळा आणि दारातली गाडी वेगळी, हे मात्र विसरू नये. अशी गाडी घ्यायची वेळ आली, तर आधी जास्त इथेनॉलचा पंप आपल्यापासून किती लांब आहे ते पाहावे.

ब्राझीलचाच आणखी एक धडा आहे. तिथे १९७५ साली अल्कोहोलवर गाड्या चालविण्याची योजना निघाली. १९८० च्या दशकाच्या मध्याला दहातल्या नऊ नव्या गाड्या निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. मग साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला आणि त्या गाड्यांचा खप कोसळला. विश्वास परत यायला २००३ साल उजाडले. तेव्हा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि निवड मालकाच्या हातात राहिली. आपल्याकडेही ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आली, थोड्याच दिवसांत ती सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी मोकळीक मिळाली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवनी उभारली, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करा. आज एक आणि उद्या एक झाले, की गाडी घेणारा बिचकतो आणि ऊस लावणाराही बिचकतो.

शेवटची विनंती

वर दुसऱ्या सभासदांचे सांगितले, त्यात एक गोष्ट राहिली. गाडीच्या सुरुवातीच्या रकमेसाठी सोसायटीचे पीककर्ज आणि उसाचा पुढचा हप्ता वापरायचा त्यांचा बेत होता. आम्ही बांधावर बसून एकच हिशोब मांडला. २०२५-२६ हंगामाचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. अडीच लाख म्हणजे ७० टन ऊस. एकरी ४० टनाने पावणेदोन एकराचे पीक, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. हे फक्त दोन गाड्यांमधल्या फरकाचे झाले, अख्ख्या गाडीचे नव्हे. त्यांच्या खोडव्याला त्या वेळी खताचा हप्ता द्यायचा होता आणि तो पंधरा दिवस लांबला होता. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधी खताचं बघतो. गाडीचं दिवाळीनंतर." गाडी ते घेतील की नाही, कोणती घेतील, तो त्यांचा प्रश्न. खोडव्याला खत मात्र त्याच आठवड्यात पडले, हे आमच्या चिटबॉयने कळविले.

आमचे म्हणणे एवढेच. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर फिरणे आहे, तेही बहुतांशी रहदारीत आहे आणि पैसा शेतीबाहेरचा आहे, त्याने स्ट्राँग हायब्रीड खुशाल घ्यावी. नावाला भिऊ नये. ज्याची गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर निघते, त्याने साधी गाडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आणि पीककर्जाचा पैसा कोणत्याच गाडीत घालू नये, मग ती पेट्रोलची असो, विजेची असो की दोन्हींची.

ज्या सभासदांना आपला हिशोब मांडून हवा असेल, त्यांनी जुन्या गाडीच्या मीटरचा आकडा घेऊन गट कार्यालयात यावे. माती परीक्षणाचा नमुनाही सोबत आणला, तर एका खेपेत दोन्ही कामे होतील.